रंगाच्या आधी छप्पर, छपराच्या आधी नोंद : बडोद्याच्या नॅरोगेज संग्रहासाठी खुले पत्र

प्रति,
मा. मंडल रेल्वे व्यवस्थापक,
पश्चिम रेल्वे, वडोदरा मंडळ,
प्रतापनगर, बडोदे.

विषय : प्रतापनगरच्या रेल्वे वारसा उद्यानातील आणि पुढे तिथे येऊ शकणाऱ्या नॅरोगेज वस्तूंचे जतन कोणत्या क्रमाने व्हावे, याबद्दल.

महोदय,

प्रतापनगरला रेल्वे वारसा उद्यान उभे राहिले, याचा बडोदेकरांना मनापासून आनंद आहे. गायकवाडांच्या रेल्वेचे गाव हे, तेव्हा तिच्या वस्तू इथेच राहायला हव्या होत्या. त्या संग्रहाचे पुढे काय व्हावे, यासाठी हे पत्र. ते उघडपणे लिहितो आहोत, कारण यातल्या पुष्कळशा गोष्टी एकट्या रेल्वेने करण्यासारख्या नाहीत. त्यात विद्यापीठाचा, दफ्तरखान्याचा आणि गावातल्या जाणकारांचाही वाटा आहे.

आधी इतिहासाबद्दल, कारण पाट्यांवर जे लिहिले जाते तेच पुढच्या पिढीच्या डोक्यात राहते. बी.बी. अँड सी.आय.ची (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची) मुख्य लाइन १८६१ साली बडोद्याला पोहोचली. लगेच पुढच्या वर्षी, १८६२ मध्ये, खंडेराव महाराजांनी मियागाम ते डभोई अशी २० मैलांची, दोन फूट सहा इंच म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीची लाइन घातली. भारतातली ही पहिली नॅरोगेज आणि एखाद्या संस्थानाने स्वतःच्या पैशाने बांधलेली पहिली रेल्वे. सुरुवातीला गाड्या बैल ओढत. १८६३ मध्ये ग्लासगोच्या नीलसन कंपनीकडून इंजिने मागवली गेली, पण दर यार्डाला १३ पौंडांच्या रुळांना त्यांचा भार पेलवेना, म्हणून पुन्हा बैलच जुंपावे लागले. जड रूळ टाकून १८७३ मध्ये इंजिनाची नियमित गाडी सुरू झाली, तेव्हा गादीवर मल्हारराव होते. चांदोद आणि बहादरपूरचे फाटे १८७९ चे, आणि त्यानंतर लवकरच लाइन गोयागेटला, म्हणजे आजच्या प्रतापनगरला, येऊन भिडली. हा काळ दिवाण सर टी. माधवराव यांचा. सयाजीरावांच्या हाती राज्यकारभार आला तो डिसेंबर १८८१ मध्ये.

बडोद्यात जे जे चांगले दिसते ते सयाजीराव महाराजांच्या नावावर जमा करायची आपल्याला सवय आहे, आणि त्यांच्याबद्दलचा आदर आमच्याही मनात तितकाच आहे. रेल्वेचे जाळे बिलिमोरा, कोसंबा, मेहसाणा, काठेवाडापर्यंत पसरले ते त्यांच्याच काळात. पण पहिला रूळ खंडेरावांचा आहे आणि पहिले मोठे विस्तार माधवरावांच्या कारकिर्दीतले आहेत. संग्रहालयाच्या पाटीवर हा क्रम नीट यावा, ही आमची पहिली विनंती. प्रतापनगरच्या कारखान्याची कोनशिला १९१९ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांच्या हस्ते बसली, १९४९ मध्ये ही रेल्वे बी.बी. अँड सी.आय.मध्ये विलीन झाली आणि ५ नोव्हेंबर १९५१ रोजी पश्चिम रेल्वे झाली. या तारखाही त्याच पाटीवर बसतील.

याच इतिहासातून एक प्रदर्शन जवळजवळ फुकटात उभे राहू शकते. बैल का जुंपावे लागले हे लिहून सांगण्यापेक्षा रुळाचे एकेक मीटर लांबीचे तुकडे शेजारी शेजारी मांडावेत. यार्डाला १३ पौंडांचा रूळ म्हणजे मीटरला जेमतेम साडेसहा किलो, तो लहान मूलही उचलेल. यार्डाला ३० पौंडांचा रूळ मीटरला १५ किलो. आणि आज ब्रॉडगेजवर असतो तो ६० किलोचा रूळ, जो एका माणसाला उचलणे जड जाते. सगळ्या २० मैलांना १३ पौंडांचेच रूळ धरले तर दोन्ही बाजूंचे मिळून लोखंड सुमारे ४०० टन भरते. त्याच अंतराला आज ६० किलोचे रूळ टाकायचे तर जवळपास ३,९०० टन लागतील. खंडेरावांनी लाइन इतक्या लवकर कशी घातली आणि ती इंजिनाखाली का दबली, ही दोन्ही उत्तरे या तुकड्यांत आहेत.

असे जुने रूळ शोधायचे कुठे? बहुतेक वेळा ते लाइनवर नसतात. काढलेला हलका रूळ कुंपणाचा खांब होतो, तारेचा खांब होतो, शेडच्या कैच्यांत जातो, स्टेशनची घंटा म्हणून टांगला जातो. रुळाच्या उभ्या पोटावर गिरणीचे नाव, वर्ष आणि वजनाचा छाप लाटतानाच उठवलेला असतो. तो वाचायला वायर ब्रशने गंज काढावा, खडू आडवा धरून घासावा आणि टॉर्च बाजूने, अगदी तिरपा धरून फोटो काढावा. समोरून फ्लॅश मारला तर अक्षरे सपाट होऊन नाहीशी होतात. मियागाम, डभोई, चांदोद, बोडेली या पट्ट्यातल्या जुन्या स्टेशनांच्या आवारात हे काम दोन माणसे करू शकतात. ते लवकर व्हायला हवे, कारण डभोई–चांदोद लाइन केवडियापर्यंत ब्रॉडगेज होऊन जानेवारी २०२१ पासून वाहती आहे, छोटा उदेपूरकडची त्याआधीच ब्रॉडगेज झाली, आणि गेज बदलले की जुने सामान ढिगाने भंगारात निघते.

म्हणून दुसरी विनंती भंगाराच्या प्रक्रियेबद्दल. नॅरोगेजचे सामान निकामी ठरवून त्याचे लॉट पाडले जातात आणि ई-लिलावात वजनावर विकले जातात. लॉट पडण्याच्या आधी एक पायरी घालता येईल का? संग्रहालयाच्या माणसाने ढीग पाहावा, हवे ते बाजूला काढून त्यावर पिवळा टॅग लावावा आणि मगच लॉट व्हावा. सगळे ठेवायचे नाही, ठेवताही येणार नाही. पण छाप असलेला रूळ, त्या रुळाच्या जातीची फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी), रूळ बदलायच्या सांध्याचा लिव्हर, चढाचा दगड, मैलाचा दगड, पार्सलचा काटा, हातदिवा, एकेरी लाइनवर एका वेळी एकच गाडी सोडण्यासाठीचे टोकनचे यंत्र आणि तिकिटावर तारीख उठवणारे यंत्र, यांतला प्रत्येकी चांगला एक आणि सुट्या भागांसाठी आणखी एक पुरे. वजनाने हे सगळे मालगाडीच्या एका वाघिणीतही मावेल. लिलावात त्याची किंमत भंगाराचीच येते आणि एकदा वितळले की कुठूनही परत मिळत नाही.

आता मुख्य मुद्दा. देशभरात, रेल्वेच्या आवारांत, बागांत, चौकांत उघड्यावर ठेवलेल्या इंजिनांचे हाल एकाच कारणाने होतात : कामाचा क्रम उलटा असतो. आधी चौथरा, मग रंग, मग दिवे, मग उद्घाटन, आणि नोंद व छप्पर राहून जाते. यात कोणा एका कार्यालयाचा दोष नाही, कामाच्या मंजुरीची पद्धतच तशी आहे. दिसणाऱ्या कामाला मंजुरी लवकर मिळते. प्रतापनगरला हा क्रम सुलटा व्हावा, इतकेच आमचे मागणे आहे.

नोंद म्हणजे काय हे नेमके सांगतो. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक, आणि तो वस्तूवर कायम राहील असा पण खरवडून न घातलेला. लोखंडावर पारदर्शक लॅकरच्या दोन थरांमध्ये लिहिलेला छोटा आकडा पुरतो. इंजिनासाठी गेज, बनवणारी कंपनी, कंपनीचा क्रमांक आणि वर्ष, रेल्वेने दिलेले सगळे क्रमांक (ते विलीनीकरणानंतर बदललेले असू शकतात), शेवटच्या पी.ओ.एच.ची (ठरावीक मुदतीने होणाऱ्या संपूर्ण दुरुस्तीची) तारीख आणि कारखाना, आणि ते कोणत्या शेडमधून आले. शिवाय चारही बाजूंचे फोटो. आणि एक गोष्ट जी बहुतेक ठिकाणी सुटते : सुट्या भागांवर ठोकलेले आकडे. कपलिंग रॉड, कनेक्टिंग रॉड, क्रॉसहेड, व्हॉल्व्ह गिअरच्या दांड्या, अशा प्रत्येक भागावर फिटरने इंजिनाचा क्रमांक पंचने ठोकलेला असतो. कारखान्यात दुरुस्तीच्या वेळी भाग एका इंजिनाचे दुसऱ्याला लागत, त्यामुळे एकाच इंजिनावर तीन-तीन इंजिनांचे क्रमांक सापडतात. ते इंजिन कोणाबरोबर कारखान्यात उभे होते, हे त्यावरून कळते. हे आकडे एका जाड रंगाच्या थराखाली गेले की ही माहिती गेली, आणि ग्राइंडर लागला तर कायमची गेली.

गाड्यांच्या डब्यांवर अशीच पाटी खालच्या लोखंडी चौकटीवर, बाजूच्या लांब पट्टीवर असते. वरची लाकडी पेटी आणि खालची चौकट वेगवेगळ्या वर्षांची असणे अगदी सामान्य आहे. पाटीवर फक्त एकच साल लिहिले तर ते कशाचे, हेही लिहावे.

नोंद झाली की छप्पर. नॅरोगेजच्या गाड्या लहान असल्याने छप्पर स्वस्तात होते. आमच्या मते ते गाडीच्या सर्वांत उंच भागापासून किमान दीड मीटर वर असावे, म्हणजे माणूस इंजिनावर उभा राहून काम करू शकेल. पागोळ्या गाडीच्या बाहेर किमान दीड मीटर याव्यात. बडोद्याचा पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरपा येतो, त्यामुळे त्या बाजूला खाली अर्ध्या उंचीपर्यंत झडपा हव्यात. पारदर्शक पत्रे इंजिनावर चालतील, पण डब्यांवर नकोत, कारण ऊन थेट पडले की रंग, कापड आणि लाकूड तिन्ही खराब होते. खांब रुळांच्या रांगेत आडवे येऊ नयेत. दोन्ही टोके मोकळी राहिली तरच गाडी पुढे-मागे सरकवता येईल, आणि सरकवणे का महत्त्वाचे ते पुढे येतेच.

चौथऱ्याबद्दल थोडे विस्ताराने, कारण इथेच सर्वाधिक नुकसान होते. रूळ काँक्रीटमध्ये गाडून वर फरशी बसवली की देखणे दिसते. पण फ्लँजसाठी (चाकाच्या बाहेर आलेल्या कडेसाठी) ठेवलेल्या खाचेत पावसाचे पाणी साचते, पालापाचोळा कुजतो आणि चाकाची फ्लँज खालून खाल्ली जाते. वरून रंगवलेले चाक खालून पोखरले आहे हे कित्येक वर्षे कळत नाही. त्यापेक्षा रेल्वेची नेहमीचीच पद्धत योग्य : सुमारे २०० मिलिमीटर खडी, त्यावर स्लीपर, त्यावर रूळ, आणि बाजूला गटार. पाणी झिरपते, रूळ बदलता येतो आणि पाहणाऱ्यालाही खरी लाइन दिसते. प्रत्येक गाडीमागे पाच-सहा मीटर मोकळा रूळ ठेवावा. दर तीन महिन्यांनी एक्सल बॉक्समध्ये तेल घालून, कपलिंग रॉडच्या पिना आणि क्रॉसहेडवर तेल सोडून, पिंच बारने (चाकाखाली घालायच्या पहारीने) गाडी इतकीच सरकवायची की चाक पाव फेरी फिरेल. यामुळे एक मोठे नुकसान टळते. एकाच जागी टेकून राहिल्याने जर्नल (आसाचा फिरणारा भाग) आणि बेअरिंगच्या मध्ये पाणी धरून पडणारा खड्डा टळतो. पत्ती-कमानी (स्प्रिंगा) एकाच ताणात बसून मोडू नयेत, म्हणून वर्षातून एकदा जॅकने वजन उचलून त्यांच्यावरचा भार हलका केला तर उत्तम. चाकाखाली अडसर लाकडाचा घालावा. दगडाच्या अडसराने चाकाची कड दुखावते.

वाफेच्या इंजिनाच्या आत काय होते ते बाहेरून दिसत नाही, म्हणून तेही लिहितो. स्मोकबॉक्सच्या (चिमणीखालच्या धुराच्या पेटीच्या) तळाशी वर्षानुवर्षांची काजळी आणि राख साठलेली असते आणि तिच्यात कोळशातला गंधक असतो. चिमणीतून पावसाचे पाणी आत पडले की त्या राखेतून सल्फ्युरिक आम्ल तयार होते आणि स्मोकबॉक्सचा तळ आतून बाहेर खाल्ला जातो. तसेच फायरबॉक्सच्या (कोळसा जाळायच्या पेटीच्या) खालच्या कड्याशी आणि अॅशपॅनमध्ये (राखेच्या ट्रेमध्ये) होते. उपाय सोपा : राख पूर्ण काढून, ब्रशने घासून, कोरडे करून, तेलाचा हात द्यायचा. चिमणीवर तीन मिलिमीटर पत्र्याची टोपी बसवायची, पण हवाबंद नाही. बाजूने हवा खेळेल अशी फट ठेवून तिला जाळी लावायची, नाहीतर कबुतरे आणि कुंभारीण माश्या आत घर करतात. सिलिंडरचे ड्रेन कॉक उघडे ठेवावेत आणि सिलिंडरमध्ये तेल सोडूनच चाक फिरवावे. साइड टँकचा (बाजूच्या पाण्याच्या टाकीचा) तळही पाहावा. आतून कधीच रंग न लागलेली ती जागा सर्वांत आधी गळू लागते.

बॉयलरचे काम ऋतूप्रमाणे करावे लागेल. सगळे वॉशआउट प्लग (धुण्यासाठीच्या भोकांची बुचे) आणि मडहोलची (गाळ काढायच्या भोकांची) झाकणे काढून गाळ व चुन्याचे थर धुवून काढावेत, मग दोन-तीन दिवस कोरडी गरम हवा सोडावी. नोव्हेंबर ते मे बडोद्याची हवा कोरडी असते, तेव्हा वरचे आणि खालचे प्लग उघडे ठेवले की हवा आपोआप खेळते. मात्र पावसाळ्यात तसेच उघडे ठेवले तर रात्रभर थंड झालेल्या लोखंडावर सकाळची दमट हवा येऊन आत पाणी सुटते. तेव्हा जूनच्या आधी आत सिलिका जेलचे ट्रे ठेवून सगळे बंद करावे. एका घनमीटर पोकळीला अडीच ते तीन किलो जेल लागते. रंग बदलणारे घेतले तर कधी बदलायचे ते डोळ्यांनी कळते. जेल भट्टीत तापवून पुन्हा वापरता येते.

एक इशारा. बॉयलरवरच्या पत्र्याखाली जे पांढरट, ठिसूळ आवरण असते ते जुन्या इंजिनांत अनेकदा अॅस्बेस्टॉसचे असते. ते कोणीही हाताने उपटू नये. प्रशिक्षित माणसांनी, ओले करून, योग्य मास्क लावून आणि बंद पिशव्यांत भरूनच काढावे. ते काढणे आवश्यकही आहे, कारण हे आवरण पाणी शोषते आणि पत्रा व बॉयलर दोघांनाही भिजत ठेवते.

झेडडीएम-५ सारखी डिझेल इंजिने दिसायला तितकी जुनी वाटत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होण्याची भीती जास्त. पण या लाइनवर वाफ गेल्यानंतरचा काळ त्यांनीच ओढला, तेव्हा त्यांतले एक तरी पूर्ण अवस्थेत ठेवावे. बॅटऱ्या काढून टाकाव्यात, कारण आम्ल सांडून चौकट खाते. थंड करायचे पाणी आणि डिझेल पूर्ण काढावे, इंजिनात तेल सोडून बारने हाताने फिरवावे, आणि उंदरांसाठी वायरींच्या नळ्यांची तोंडे बंद करावीत.

रंग सगळ्यात शेवटी. त्याआधी इंजिनाच्या एखाद्या झाकलेल्या जागी, म्हणजे कॅबच्या आतल्या कोपऱ्यात किंवा टँकच्या मागच्या बाजूला, पाच सेंटिमीटर रुंदीची पट्टी धारदार पात्याने पायऱ्यापायऱ्यांनी खरवडावी. प्रत्येक थराचा रंग एकेका पायरीवर दिसतो. पट्टीशेजारी मोजपट्टी आणि रंगांचे छापील कार्ड ठेवून फोटो घ्यावा आणि तो नोंदीत लावावा. मगच ठरवावे की कोणत्या काळातला रंग द्यायचा. जुन्या रंगांत शिसे असते, म्हणून सुके घासणे टाळावे. ओले करून खरवडावे. झिजून पातळ झालेल्या पत्र्यावर वाळूचा फवारा मारू नये, त्याने भोके पडतात. बाहेरच्या पत्र्याला झिंक फॉस्फेटचा प्रायमर, मधला थर आणि वरचा थर, प्रत्येक नीट वाळल्यावर. पण दांड्या, क्रॉसहेड, पिस्टन रॉड यांना चंदेरी रंग कृपया देऊ नये. ते घासून चकचकीत ठेवायचे भाग आहेत. त्यांना लॅनोलिनचे किंवा मेणाचे गंजरोधक लावले की लोखंडाचा खरा पोत आणि ठोकलेले आकडे दोन्ही दिसतात. पितळी पाट्या, शिट्टी, दाबमापक गेज आणि व्हॉल्व्हची चाके उघड्यावर चोरीला जातात. मूळ वस्तू कपाटात ठेवून इंजिनावर नक्कल बसवावी, आणि ती नक्कल आहे हे पाटीवर लिहावे.

लाकडी डब्यांचे पाणी छतातून शिरते. छताच्या कडेचा सांधा उघडतो, पाणी उभ्या खांबांच्या आतून उतरते आणि खालची लांब तुळई कुजते. बाहेरचा पत्रा मात्र शाबूत दिसतो. तपासायला टोचा घेऊन दर फूटभर अंतरावर तुळईत टोचावा. जिथे तो सहज आत जाईल तिथे लाकूड गेलेले असते. प्लायवूडचे ठिगळ लावू नये, त्याच्या मागे ओल दबून बसते. सागवानाचा तुकडा जुन्याच पद्धतीच्या सांध्याने बसवावा आणि त्यावर वर्ष कोरावे. वाळवीसाठी बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडचे द्रावण लाकडाला आतल्या बाजूने द्यावे. गायकवाडांचे १८८६ चे सलून दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. बडोद्यात निदान तिसऱ्या वर्गाचा एक साधा डबा तरी पूर्ण असावा, कारण या गावच्या लोकांनी प्रवास केला तो त्याच्यात.

कागदांबाबत आम्हाला सर्वाधिक काळजी वाटते. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचे पाणी शहराच्या मोठ्या भागात शिरले. नकाशे, कामकाजी वेळापत्रके, मोटिव्ह पॉवरची (इंजिनांची) रजिस्टरे आणि तिकिटांचे नमुने तळमजल्यावर ठेवणे म्हणूनच धोक्याचे. ते वरच्या मजल्यावर हलवावेत. वरचा मजला मिळत नसेल तर सर्वांत खालचा कप्पा २०२४ च्या पाणपातळीच्या वर हवा. कारखान्याचे जुने नकाशे बहुधा दोन प्रकारचे असतात. एक, कापडावर काढलेले ट्रेसिंग. कापडाला खळ दिलेली असते, ती पाण्याने सुटते, त्यामुळे डाग पडला तरी ओल्या फडक्याने पुसायचे नाही. दुसरे, निळे ब्लूप्रिंट. हे उजेडाने आणि अल्कलीने फिके पडतात. बाजारात ‘संग्रहासाठी’ म्हणून मिळणारे क्षारयुक्त कागदाचे फोल्डर इतर कागदांना चांगले, पण ब्लूप्रिंटला वाईट. त्यांना साधा, आम्ल नसलेला आणि क्षारही नसलेला कागद वापरावा. नकाशे सपाट ड्रॉवरमध्ये ठेवावेत, एका फोल्डरमध्ये दहाच्या वर नाहीत. आणि प्लास्टिकचे लॅमिनेशन कधीच करू नये. ते काही वर्षांत पिवळे पडते, आतला कागद त्याला चिकटतो आणि पुन्हा सोडवता येत नाही.

स्कॅनिंग ३०० ते ४०० डीपीआयवर, फाइलच्या नावात नकाशाचा मूळ क्रमांक, आणि दोन वेगळ्या इमारतींत दोन प्रती.

या कागदांत एक भाग असा आहे जो रेल्वेच्या दफ्तरात नसेलच. खंडेराव आणि मल्हाररावांच्या काळातला संस्थानी पत्रव्यवहार बडोद्याच्या जुन्या दफ्तरात आहे आणि त्यातले बरेचसे मोडीत आहे. जमीन कोणाकडून घेतली, बैलांचा ठेका कोणाला दिला, रूळ मुंबई बंदरातून कसे आले, याची उत्तरे मिळाली तर तिथेच मिळतील. बडोद्यातल्या मराठी घरांत मोडी वाचणारी माणसे अजून आहेत, पण ती उतारवयात आहेत. रेल्वेने दफ्तरखान्याला एक अधिकृत पत्र दिले तर रेल्वेसंबंधीचे कागद शोधून त्यांची यादी आणि लिप्यंतर करायचे काम आम्ही विनामोबदला करू.

माणसांची मदत या गावात जितकी मिळेल तितकी क्वचितच दुसरीकडे मिळेल. महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे, जो देशातला पहिला. वस्तूंच्या नोंदीचे काम त्यांच्या विद्यार्थ्यांचा अभ्यासक्रमच होऊ शकतो. लालबागच्या प्रताप विलास राजवाड्यात १९५२ पासून रेल्वे अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण होते आणि आता गतिशक्ती विश्वविद्यालयही तिथेच आहे. इंजिनाची आणि डब्यांची मोजमापे घेऊन नकाशे करायला याहून योग्य विद्यार्थी मिळणार नाहीत. आणि प्रतापनगर कारखाना, डभोई शेड इथले निवृत्त फिटर, बॉयलरमेकर, ड्रायव्हर. त्यांच्याशी बोलताना खुर्चीत बसवून ‘तुमच्या आठवणी सांगा’ म्हणू नये. भाग हातात द्यावा, इंजिनाजवळ उभे करावे आणि कॅमेरा त्यांच्या हातांवर ठेवावा. हा पिन कसा काढायचा, बेअरिंग तापले हे कशावरून ओळखायचे, इंजेक्टर (बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा भाग) धरत नसेल तर आधी काय बघायचे, असे विचारले की जे निघते ते कोणत्याही मॅन्युअलमध्ये नसते.

इंजिन पुन्हा वाफेवर चालवण्याची कल्पना लोकांना आवडते. आमचे मत असे की तूर्त ती बाजूला ठेवावी. बॉयलर पेटवायचा तर नळ्या, स्टे (पत्र्यांना आधार देणारे बोल्ट) आणि फायरबॉक्सचे पत्रे बहुधा बदलावे लागतात, म्हणजे जपायची वस्तूच नवी होते. शिवाय रेवाडीच्या वाफेच्या शेडसारखी रोज हात लावणारी माणसे लागतात. त्याऐवजी उद्यानात ७६२ मिलिमीटरची दीड-दोनशे मीटर लाइन, तिच्यावर रूळ बदलायचा एक खटका, एक सिग्नल आणि टोकनची दोन यंत्रे जोडून ठेवली, आणि सुट्टीच्या दिवशी हाताने ढकलायची ट्रॉली चालवली, तर एकेरी लाइनवर दोन गाड्या समोरासमोर का येत नाहीत हे पाहणाऱ्याला स्वतः करून कळेल.

पैशाची सोय एकदम होणार नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून या पावसाळ्याच्या आधी फक्त तीन गोष्टींची परवानगी मागतो आहोत. उद्यानातल्या प्रत्येक वाफेच्या इंजिनाच्या स्मोकबॉक्समधली राख काढून चिमणीवर टोपी बसवणे. सर्व वस्तूंची फोटोंसह यादी करून तिची एक प्रत मंडळाला आणि एक विद्यापीठाला देणे. आणि नॅरोगेज भंगाराचे लॉट पडण्याआधी ढीग पाहायला संग्रहालयाचा एक प्रतिनिधी नेमणे. पहिल्या दोन कामांना लागणारे पत्रे, जाळी, ब्रश आणि मास्क आम्ही आणू. आवारात प्रवेशाचे पास आणि देखरेखीसाठी कारखान्याचा एक सुपरवायझर रेल्वेने द्यावा. तिसरे काम आपल्या एका आदेशाने होईल.

आपले,
बडोद्यातील रेल्वेचे अभ्यासक, निवृत्त तांत्रिक कर्मचारी आणि मोडी वाचक